आशीर्वाद कोणी, कोणाला आणि कोणत्या शब्दांत द्यावा

घरातल्या मुंजीची पत्रिका पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडली ती ‘तुझं मराठी बरं आहे’ एवढ्याच पुण्याईवर. मजकूर मी लिहिला, तपासला, छापायला दिला. तीनशे प्रती घरी आल्या आणि आत्याने चष्मा न लावताच विचारलं, ‘‘हे आर्शीवाद काय आहे?’’ त्याच महिन्यात मामांच्या वाढदिवसाला मी मोबाइलवरून ‘अनेक आशीर्वाद’ पाठवले होते. मामांचं उत्तर आलं, ‘‘तू माझ्यापेक्षा मोठा कधी झालास?’’

या दोन फजित्यांनंतर मी या शब्दाचा आणि त्याच्या भावंडांचा नाद धरला. पत्रिका, शुभेच्छापत्र, सत्काराचं भाषण, नातवंडाला पत्र असं काही पहिल्यांदाच लिहायला बसला असाल, तर पुढचा क्रम पाळा.

लिहायला बसण्याआधी काय हाताशी हवं

- ज्यांची नावं येणार त्यांची यादी. प्रत्येकाचं नातं, वय आणि हयात आहेत की नाहीत हे लिहून. ही यादी नसली की सगळ्यात जास्त घोळ होतो.
- एक चांगला शब्दकोश. मी दोन पाहतो: दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (सात खंड, १९३२ ते १९३८) आणि मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७). दोन्ही आता जालावर उघडता येतात. मोल्सवर्थ इंग्रजीतून अर्थ देतो, पण जुने वाक्प्रचार त्याच्याकडे भरपूर सापडतात.
- अक्षरं नीट जोडणारा देवनागरी कळफलक.
- मजकूर वाचून दाखवायला घरातलं एक वडीलधारं माणूस. कोशात नसलेलं पुष्कळ त्यांच्या कानात असतं.

१. आधी दिशा ठरवा

शब्द नंतर. आधी स्वतःला विचारा: देणारा कोण, घेणारा कोण?

आशीर्वाद वरून खाली येतो. वयाने, नात्याने किंवा अधिकाराने मोठा माणूस धाकट्याला तो देतो. धाकट्याने मोठ्याला द्यायची गोष्ट म्हणजे नमस्कार, आणि वाढदिवस वगैरे असेल तर शुभेच्छा. बरोबरीच्यांनी एकमेकांना शुभेच्छा द्याव्यात. मामांच्या बाबतीत मी नेमकी ही दिशा उलटी केली होती.

गंमत अशी की, मुळात पाहिलं तर दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच आहे. संस्कृतात ‘आ’ उपसर्ग लावलेला ‘शास्’ धातू म्हणजे इच्छा करणे, आशा धरणे. त्यावरून ‘आशिस्’, म्हणजे दुसऱ्यासाठी धरलेली चांगली इच्छा. ‘वाद’ म्हणजे बोलणे. इथे भांडणाचा काही संबंध नाही. तेव्हा आशीर्वाद म्हणजे बोलून दाखवलेली सदिच्छा. आणि शुभेच्छा म्हणजे शुभ इच्छा. अर्थ सारखाच, पण मराठीने एकाला उतार दिला आणि दुसऱ्याला सपाट ठेवलं. म्हणून समानार्थी शब्दांची यादी पाठ करून भागत नाही. ‘शुभेच्छा’च्या जागी ‘आशीर्वाद’ टाकला की वाक्य बरोबर राहतं, पण माणसं हसतात.

जुन्या पत्रव्यवहारात ही दिशा मायन्यातच ठरलेली असे. धाकट्याला ‘आशीर्वाद उपरी’, बाकीच्यांना ‘नमस्कार विनंती उपरी’. पत्र फोडताच कोण कोणाला लिहितंय ते कळायचं.

अपवाद एकच सांगतो. वयाने लहान असलेले गुरू, कीर्तनकार, संन्यासी यांच्याकडून वयस्क माणसंही आशीर्वाद घेतात. तिथे अधिकार मोठा धरला जातो, वय नाही.

२. शब्द निवडा

इथे थोडं रेंगाळू या, कारण सगळी मजा इथेच आहे.

*आशीर्वाद* हा रोजचा शब्द. एकवचनातही चालतो (‘आईचा आशीर्वाद’) आणि आदराने अनेकवचनातही (‘आपले आशीर्वाद असू द्यावेत’).

*शुभाशीर्वाद* म्हणजे शुभ अधिक आशीर्वाद. आशीर्वाद मुळातच शुभ असतो, तेव्हा ‘शुभ’ हा जादाचा दागिना आहे; पण पत्रिकेत तो शोभतो. एरवी बोलताना कोणी ‘शुभाशीर्वाद द्या’ म्हणत नाही.

*आशीर्वचन* म्हणजे आशीर्वादाचे बोल. कार्यक्रमपत्रिकेत एखाद्या ज्येष्ठांचं शेवटचं छोटं भाषण असतं, त्याला हा शब्द अगदी बसतो. ‘आजीने आशीर्वचन दिले’ असं घरगुती मजकुरात लिहिलं तर आजी व्यासपीठावर उभी असल्यासारखी वाटते.

*वर* आणि *वरदान* हे देव, ऋषी, फार तर नियती देते. त्यात मागणं ठरलेलं असतं आणि ते फळतंच, असं गृहीत असतं. आशीर्वाद मोघम असतो, वर नेमका. माणसाने माणसाला वरदान दिलं असं लिहू नका. लाक्षणिक अर्थाने मात्र ‘वरदान’ कुठेही चालतं. ‘विज्ञान: शाप की वरदान’ हा निबंध आपण सगळ्यांनीच लिहिलेला आहे. पत्रिकेत ‘वर’ म्हणजे नवरामुलगा, हे वेगळं सांगायला नको.

*कृपा* देवाची किंवा गुरूची. ‘कुलस्वामिनीच्या कृपेने आणि वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने’ या ठरलेल्या ओळीत वाटणी किती चोख केली आहे पाहा: देवाकडे कृपा, माणसांकडे आशीर्वाद. हयात नसलेल्या आजोबांसाठी दोन्ही मिळून *कृपाशीर्वाद* वापरतात.

*अनुग्रह* गुरूकडून शिष्याला. एरवी याच्या वाटेला जाऊ नका.

*पसाय* हा शब्द आता एकटा फिरत नाही, तो ‘पसायदान’मध्येच राहिला आहे. ‘प्रसाद’ या संस्कृत शब्दाचं ते प्राकृत रूप. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी ते येतं. पुष्कळ जण पसायदानाला ज्ञानेश्वरांनी जगाला दिलेला आशीर्वाद म्हणतात. नीट वाचलं तर ते देवापाशी केलेलं मागणं आहे, जगासाठी केलेलं. भाषणात उल्लेख करणार असाल तर ‘पसायदान मागितले’ म्हणा.

*दुवा* अरबीतून आलेला, पण पक्का मराठी झालेला शब्द. ‘कोणा गरिबाला दोन घास दे, दुवा देईल’ यात जी ओल आहे ती ‘आशीर्वाद देईल’ यात नाही. हा शब्द खालून वरही जातो: मदत मिळालेला माणूस मदत करणाऱ्याला दुवा देतो, तिथे वय कोणी मोजत नाही. फक्त जालावर ‘दुवा’ म्हणजे सांधा, जिथे टिचकी मारायची ती जागा. दोन वेगळे शब्द, एकच रूप.

*अभीष्टचिंतन* म्हणजे मनात आहे ते घडो, असं चिंतणं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांमुळे बिचाऱ्या शब्दाची रया गेली, पण शब्द चांगला आहे. त्याच्या लेखनाबद्दल पुढे बोलू.

*अभिनंदन* हे आशीर्वादाच्या कुळातलं नाहीच, पण गोंधळ फार होतो म्हणून सांगतो. झालेल्या गोष्टीचं अभिनंदन, होणाऱ्या गोष्टीला शुभेच्छा. ‘पास झाल्याबद्दल शुभेच्छा’ हे चुकलं. ‘पास झाल्याबद्दल अभिनंदन आणि पुढच्या शिक्षणासाठी शुभेच्छा’ हे बरोबर. ‘शुभकामना’ हा शब्द हिंदीच्या सवयीने हल्ली फार येतो. मराठीत ‘शुभेच्छा’ असताना त्याची मला तरी गरज वाटत नाही.

एक तिरकी बाजूही ध्यानात ठेवा. ‘हे सगळं कोणाच्या आशीर्वादाने चाललंय?’ या वाक्यातला आशीर्वाद म्हणजे गैरप्रकाराला दिलेला पाठिंबा. ‘वरदहस्त’ तर आता बहुतेक याच अर्थाने छापून येतो. म्हणून सत्कारमूर्तींबद्दल ‘यांना अमक्या नेत्याचा वरदहस्त लाभला’ असं लिहिताना दहादा विचार करा. ‘मार्गदर्शन लाभले’ म्हणा आणि सुटा.

३. शुद्ध लिहा

आशीर्वाद तीन प्रकारे चुकतो: आशिर्वाद, आर्शीवाद, आशीवार्द.

पहिली चूक ‘आशिष’ या नावामुळे होते. आशिषमध्ये शि ऱ्हस्व, मग आशिर्वाद का नाही? कारण संस्कृतात ‘आशिस्’चं प्रथमेचं रूप ‘आशीः’ होतं, शी दीर्घ. त्या विसर्गापुढे ‘वाद’ आला की विसर्गाचा र् होतो, जसा दुः आणि जन यांचा दुर्जन. म्हणून आशीः + वाद = आशीर्वाद. ‘गिर्’पासून ‘गीर्वाण’ होताना गी दीर्घ होते, तोच प्रकार. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार तत्सम शब्दांतले असे आतले इकार-उकार मुळाप्रमाणेच राहतात. आशीर्वादाने, आशीर्वादामुळे, आशीर्वादांचा: विभक्ती कोणतीही लावा, शी दीर्घच.

दुसरी आणि तिसरी चूक रफाराची. रफार कुठल्या अक्षरावर बसतो ते उच्चारून पाहा. र् आधी, मग वा. टंकताना क्रम असा: आ, शी, र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), वा, द. हलन्त लगेच ‘वा’च्या आधी यायला हवा. माझी ती तीनशे प्रतींची चूक ‘र, हलन्त’ हे ‘शी’च्या आधी पडल्यामुळे झाली होती. पडद्यावर ती डोळ्यांना सहज चकवते, कारण आपण शब्द वाचत नाही, ओळखतो.

आता अभीष्टचिंतन. अभि + इष्ट, दोन इ मिळून ई. म्हणून भी दीर्घ. चौकातल्या फलकांवर ‘अभिष्टचिंतन’ इतक्या वेळा दिसतं की बरोबर लिहिलं तर छापणारा फोन करून विचारतो, ‘‘भी दीर्घ ठेवू का?’’ ठेवा म्हणावं.

(जाता जाता: संस्कृतात ‘आशी’ म्हणजे सापाचा दातही, आणि ज्याच्या दातात विष आहे तो ‘आशीविष’, म्हणजे साप. या माहितीचा पत्रिकेत काही उपयोग नाही.)

४. वाक्य मराठीत बांधा

मराठी आशीर्वादाचं क्रियापद आज्ञार्थी असतं. समोरच्याला थेट म्हणायचं तर: मोठा हो, मोठी हो, सुखी राहा, यश मिळव. आदरार्थी किंवा अनेकांना: सुखी राहा, मोठे व्हा. ‘राहा’ आणि ‘रहा’ ही आज्ञार्थाची दोन्ही रूपं नियमांत बसतात. एका मजकुरात एकच ठेवा म्हणजे झालं.

तिसऱ्या पुरुषात क्रियापदाला ओ लागतो: देव तुझं भलं करो, उदंड आयुष्य लाभो, घर सुखाने नांदतं राहो. पसायदानातले ‘पाहो’, ‘लाहो’, ‘वाढो’ हे याच ठेवणीचे.

सापळा इथे आहे: कर्ता अनेकवचनी असला की ओ नाही, ओत.

- चूक: तुझी सर्व स्वप्ने पूर्ण होवो.
- बरोबर: तुझी सर्व स्वप्ने पूर्ण होवोत.
- चूक: तुला चांगले मित्र लाभो.
- बरोबर: तुला चांगले मित्र लाभोत.

दहातल्या आठ संदेशांत हा त् गळालेला असतो, असं माझ्या फोनचं म्हणणं आहे.

घरगुती मराठीत आशीर्वाद क्रियापदाशिवायही पोचतो. ‘औक्षवंत हो’ म्हणणारी आजी (औक्ष म्हणजे आयुष्य) कधी कधी काही न बोलता चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडते. त्याला अलाबला घेणं म्हणतात. हे लिहून दाखवता येत नाही, तेव्हा प्रयत्नही करू नका.

५. संस्कृत वापरायचंच असेल तर सांभाळून

पत्रिकेत, भाषणात दोन शब्द संस्कृतातले टाकायचा मोह सगळ्यांना होतो. टाका, पण लिंग, वचन आणि हलन्त पाहून.

*लिंग.* ‘आयुष्मान् भव’, ‘यशस्वी भव’, ‘विजयी भव’ हे मुलाला. मुलीला ‘आयुष्मती भव’, ‘यशस्विनी भव’, ‘विजयिनी भव’. मुलींच्या संघाला निरोप देताना ‘विजयी भव’ छापलेलं मी पाहिलंय. चूक दुहेरी होती, कारण,

*वचन.* ‘भव’ हे एकालाच. दोघांना ‘भवतम्’, अनेकांना ‘भवत’. एवढं कोण लक्षात ठेवणार? म्हणून जोडप्याला किंवा संघाला सरळ मराठीत म्हणा: ‘सुखाने संसार करा’, ‘जिंकून या’.

*हलन्त.* शंभर वर्षांच्या आशीर्वादाचं वाक्य बहुतेक ठिकाणी ‘जीवेत शरदः शतम्’ असं छापतात. हलन्ताशिवाय ‘जीवेत’ म्हणजे ‘तुम्ही सगळे जगा’. एका व्यक्तीबद्दल ‘तो किंवा ती जगो’ म्हणायचं तर ‘जीवेत्’ हवं, त पाय मोडका. मूळ वैदिक प्रार्थनेत ‘जीवेम शरदः शतम्’ आहे: आपण शंभर शरद जगू या. म्हणजे एका हलन्ताने किंवा एका म ने आशीर्वाद कोणाला जातोय तेच बदलतं. मंगलाष्टकांतल्या ‘कुर्यात् सदा मंगलम्’मध्येही कुर्यात् चा त् मोडका आहे.

‘तथास्तु’ (तथा अस्तु, तसं होवो) हा मागणं ऐकल्यावरचा शब्द आहे, आपणहून द्यायचा नाही. घरात वाईटसाईट बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, हे ऐकलं असेलच. ‘कल्याणमस्तु’ आणि ‘शुभं भवतु’ यांत लिंगवचनाची भानगड नाही. अडलात तर हे दोन बिनधोक.

आणि अर्थ पाहा. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हे आज गमतीतसुद्धा म्हणू नये, असं माझं मत आहे. ‘अखंड सौभाग्यवती भव’चा सरळ अर्थ नवऱ्याच्या आधी मरण येवो असा निघतो. कित्येक घरांत तो प्रेमाने दिला आणि घेतला जातो, त्यावर वाद घालायचा नाही. पण जिला द्यायचा तिला तो रुचेल का, हे आधी माहीत करून घ्या. रुचणार नसेल तर ‘सुखी राहा’ कधीच चुकत नाही.

६. पत्रिकेतल्या आणि पत्रातल्या जागा

पत्रिकेत आशीर्वाद तीन ठिकाणी येतो. वर, कुलदैवत आणि दिवंगत वडीलधाऱ्यांच्या ओळीत. मधे, निमंत्रणाच्या वाक्यात. आणि खाली, घरच्या ज्येष्ठांच्या नावांवर मथळा म्हणून.

मधल्या वाक्यात सापळा आहे. ‘वधूवरांस शुभाशीर्वाद देण्यासाठी अगत्य यावे’ हे काका-मामांना ठीक. तीच पत्रिका नवऱ्यामुलाच्या वर्गमित्राकडे गेली, की त्याने मित्राच्या डोक्यावर हात ठेवायचा का? एकच पत्रिका सगळ्यांना जाणार असेल तर ‘शुभाशीर्वाद व शुभेच्छा देण्यासाठी’ लिहा.

खालच्या यादीत वयाचा क्रम पाळा, आणि ‘आशीर्वाद’ या मथळ्याखाली नवरीपेक्षा धाकट्या भावंडांची नावं घालू नका. त्यांच्यासाठी ‘स्वागतोत्सुक’ आहे. इथेच ती सुरुवातीची यादी उपयोगी पडते.

पत्रात धाकट्याला ‘चि. अमुक यास अनेक उत्तम आशीर्वाद’, थोडक्यात ‘अ. उ. आ.’. चि. म्हणजे चिरंजीव, नावाआधीच दीर्घायुष्याचा आशीर्वाद देऊन टाकलेला असतो. त्यामुळे मोठ्यांना चि. लावू नये. आई-वडिलांना ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, आणि पुढे ‘शिरसाष्टांग नमस्कार’. नियोजित वधूला लावतात ते ‘सौ. कां.’, म्हणजे सौभाग्यकांक्षिणी. आता अनेक घरं दोघांनाही नुसतं ‘चि.’ लावतात. मला ते आवडतं, पण ठरवायचं वधूने.

७. मोठ्याने वाचा, मग पाठवा

तपासताना पडद्यावर नाही, कागदावर वाचा, आणि शब्द उलटीकडून एकेक पाहा. फक्त आशीर्वाद, शुभाशीर्वाद, अभीष्टचिंतन आणि नावं एवढ्यावर वेगळी फेरी मारा. मग त्या वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवा. ते जिथे ‘हं?’ म्हणतील तिथे काहीतरी चुकलेलं असतं, मग त्याचं कारण त्यांना सांगता आलं नाही तरी.

८. आणि आशीर्वाद मिळाला तर

हे कोणी शिकवत नाही. नमस्कार केल्यावर आजोबा ‘यशस्वी हो’ म्हणतात आणि आपण ‘थँक्यू आजोबा’ म्हणून मोकळे होतो. आशीर्वादाला आभार लागत नाहीत; नमस्कार आधीच झालेला असतो. समोर असाल तर नुसतं हसा. लेखी आला असेल तर ‘आपला आशीर्वाद असाच पाठीशी असू द्या’ एवढं पुरे. मामांना मी शेवटी हेच लिहिलं, आणि खाली ‘सा. न.’, म्हणजे साष्टांग नमस्कार, जोडलं. त्यांनी फक्त ‘औक्षवंत हो’ पाठवलं.